गोदावरीची आगबोट आणि खानदेशची आगगाडी

आगबोट म्हटली कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें मुंबईचा धक्का आणि कोंकणची किनारपट्टी उभी राहते. देशावरच्या, त्यांतही खानदेशच्या माणसाचा आगबोटीशीं कांहीं संबंध असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. फैजपूर, सावदा, यावल हीं गांवें तापी आणि सातपुडा यांच्यामधील काळ्या जमिनीच्या पट्ट्यांत वसलेलीं आहेत. १९३६ च्या डिसेंबरांत राष्ट्रसभेचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन फैजपुरास झालें आणि त्या गांवाचें नांव देशभर गाजलें. त्यापूर्वीं तें रंगाऱ्यांच्या कसबाबद्दल आणि लांकडाच्या बाजाराबद्दल ओळखलें जाई. त्याच्या दक्षिणेस कांहीं मैलांवरून तापी वाहते. मुलताईस उगम पावून सुरतेजवळ समुद्रास मिळेपर्यंत ती सुमारें साडेचारशें मैल चालते. परंतु एवढी लांब नदी असूनही खानदेशचा माल तिच्यावरून सुरतेस नेण्याची वहिवाट पडली नाहीं. उंच दरडी, पात्रांत पसरलेले खडक, पावसाळ्यांत लोंढा आणि उन्हाळ्यांत नुसते डोह, अशा नदीवर नाव ती किती चालणार ?

असें असलें तरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एक काळ असा येऊन गेला कीं, वऱ्हाड-नागपूरचा कापूस कोणत्या वाटेनें परदेशीं जाणार हा प्रश्न एका आगबोटीवर येऊन ठेपला होता. ती आगबोट तापीवरील नव्हे, गोदावरीवरील. मात्र तिच्या यशापयशांत खानदेशचेंही भाग्य गुंतलेलें होतें. कारण त्या कापसाची पश्चिमेची वाट खानदेशांतून जात होती, आणि गोदावरीची आगबोट त्याला पूर्वेकडे नेऊं पाहत होती.

त्या काळीं कापसाचा प्रवास म्हणजे मोठी यातायात असे. वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी लादून महिनोन् महिने चालत. जेथें गाडीवाट होती तेथें गाड्या जुंपीत. खानदेश-वऱ्हाडचा माल नाशिकवरून थळघाट उतरून भिवंडी-कल्याणच्या खाडीस येई आणि तेथून पडावांनीं मुंबईस पोंचे. पूर्वेकडील कांहीं माल गंगाकांठच्या मिर्झापुरास जाई. वाटेंत धूळ बसे, दंव पडे, वळवाच्या पावसानें गोणी भिजत. आणि शेतांत पांढराशुभ्र असलेला कापूस बंदरावर मळका होऊन उतरे. शेतकऱ्यास भाव कमी मिळे, व्यापाऱ्याचें भांडवल महिनोगणती वाटेवर अडकून पडे, आणि चारापाण्याचा दुष्काळ पडला कीं बैल मरून वाहतूकच थांबे.

या दुखण्यावर त्या शतकानें दोन औषधें पुढें केलीं, आणि दोन्ही वाफेचींच होतीं. त्यांतलें वयानें वडील तें आगबोटीचें. रॉबर्ट फुल्टन यानें १८०७ सालीं अमेरिकेंत हडसन नदीवर आपली बोट चालविली तेव्हां आगगाडीचा प्रवासी वाहतुकींत प्रवेशही झाला नव्हता. मुंबईच्या गोदींत बांधलेली ‘ह्यू लिंड्से’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजीं मुंबईहून निघाली आणि सुमारें एका महिन्यांत सुवेझला पोंचली. १८३४ च्या सुमारास गंगेवर सरकारी आगबोटींचें येणेंजाणें सुरू झालें. याउलट बोरीबंदर ते ठाणें ही पहिली आगगाडी धांवली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं. तेव्हां ‘देशाच्या पोटांतला माल बाहेर काढण्यास रूळ हवेत कीं नद्या ?’ हा वाद त्या काळीं पोकळ नव्हता. नद्यांच्या बाजूनें बोलणारे लोक मोठे अनुभवी होते.

त्यांचा अग्रणी म्हणजे मद्रासच्या लष्करी इंजिनियर खात्यांतील आर्थर कॉटन. १८०३ सालीं जन्मलेल्या या गृहस्थानें १८४७ ते १८५२ या काळांत राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम् येथें गोदावरीवर प्रचंड बंधारा घातला. दुष्काळानें पोळलेला तो मुलूख कालव्यांच्या पाण्यानें हिरवा झाला. ते कालवे नुसते शेतीचे नव्हते. त्यांतून नावाही चालत. एकाच पाण्यानें पीकही निघावें आणि तेंच पीक त्याच पाण्यावरून बाजारास जावें, हें कॉटन यांच्या विचाराचें सूत्र होतें. मैलामैलास रूळ, पूल आणि बोगदे यांवर पैसा ओतण्यापेक्षां जलमार्ग पुष्कळ स्वस्त पडतो, असें ते आमरण सांगत राहिले. मुखाजवळ गोदावरी एवढी वश झाली, तर वरच्या अंगास ती कां होऊं नये, हा पुढचा प्रश्न त्यांतूनच निघाला.

नकाशा उघडला म्हणजे या कल्पनेचा मोह समजतो. वर्धा नदी वऱ्हाड आणि नागपूर यांच्या सीमेवरून कापसाच्या मुलुखांतून येते. हिंगणघाटची उत्तम कापसाची पेठ तिच्या खोऱ्यांतलीच. वैनगंगा भंडाऱ्याकडून तांदुळाचा प्रदेश भिजवीत येते. चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, प्रांताच्या दक्षिणेस या दोघी एकत्र होतात आणि प्राणहिता हें नांव घेतात. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. थोडें खालीं बस्तरकडून इंद्रावती येते. आणि पुढें हें सारें पाणी भद्राचलम् व राजमहेंद्रीवरून समुद्रास जातें. म्हणजे निसर्गानेंच कापसाच्या शेतापासून कोकनाडाच्या, म्हणजे आजच्या काकीनाडाच्या, बंदरापर्यंत एक तयार सडक आंखून ठेवली होती. खालीं येतांना कापूस, गळिताचें धान्य व गहूं आणावा आणि वर जातांना समुद्रकांठचें मीठ न्यावें, असा बेत होता.

राजकीय अडचणीही एकामागून एक दूर झाल्या होत्या. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरकर रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि पुढल्या वर्षीं त्यांचें राज्य खालसा झालें. १८६० च्या तहानें गोदावरीच्या डाव्या तीरावरील सिरोंचा वगैरे तालुके निजामाकडून मिळाले आणि नदीवरील व्यापार जकातीवांचून मोकळा झाला. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. सिरोंचा हें वरच्या गोदावरी जिल्ह्याचें ठाणें बनलें. तेथील अधिकारी ग्लासफर्ड यांचें नांव त्या तालुक्यांतील ग्लासफर्डपेठा या गांवांत अजून ऐकूं येतें.

अडचण राहिली ती नदीची. या मार्गांत खडकांचे तीन मोठे अडसर होते. पहिला भद्राचलमच्या वर दुम्मागुडेम येथें. दुसरा इंद्रावतीच्या संगमाखालीं इंचमपल्ली येथें. आणि तिसरा प्राणहितेंत, अहेरीच्या बाजूस देवलमरी येथें. या ठिकाणीं पात्र खडकांनीं भरलेलें असून पाणी त्यांच्या फटींतून उसळत जातें. तेथें आगबोट तर राहोच, भरलेली नावही सुखरूप जात नसे.

त्यावर योजिलेला उपाय असा होता. अडसराच्या माथ्यावर नदीस आडवा बंधारा घालावयाचा, म्हणजे त्याच्या वर पाणी तुंबून खोल व संथ होतें. मग अडसराच्या बाजूनें, कांठाच्या जमिनींतून, कालवा खणावयाचा. वरचें पाणी आणि खालचें पाणी यांच्या पातळींत जें अंतर पडतें तें पार करण्यासाठीं कालव्यांत दोन्ही टोकांस भक्कम दरवाजे असलेले दगडी हौद बांधावयाचे. बोट खालून हौदांत शिरली कीं मागचा दरवाजा लावतात आणि वरचें पाणी हौदांत सोडतात. पाणी चढतें तशी बोटही चढते. वरच्या पातळीस आली कीं पुढचा दरवाजा उघडून ती चालूं लागते. उतरतांना हीच क्रिया उलट. असे हौद एकापुढें एक बांधले म्हणजे बोट जणूं पायऱ्या चढून डोंगरावर जाते. थोडक्यांत, खळाळणाऱ्या नदीची संथ तळ्यांची माळ करावयाची आणि एका तळ्यांतून दुसऱ्या तळ्यांत बोट उचलून ठेवावयाची, असा तो विचार होता. शास्त्रदृष्ट्या त्यांत खोट काढण्यासारखें कांहीं नव्हतें. युरोपांत आणि अमेरिकेंत असे मार्ग चालू होते.

हें काम फेलिक्स हेग या इंजिनियराच्या हातीं आलें. त्यानेंच पूर्वीं गोदावरीची पाहणी करून ती जलमार्गास योग्य करतां येईल असें मत दिलें होतें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. दक्षिणेंतील संस्थानांचीं बंदरें कोंडलीं गेलीं आणि लँकशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला. तेव्हां मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनीं हिंदुस्थानांतील कापसाचे मार्ग सुधारण्याचा एकच घोष चालविला. गोदावरीच्या योजनेस त्यांचा मोठा पाठिंबा होता. मध्यप्रांताचे मुख्य अधिकारी रिचर्ड टेंपल, जे पुढें मुंबईचे गव्हर्नर झाले, तेही तिचे कैवारी होते. दुम्मागुडेम येथें बंधारा उठला, कालवा खणला गेला, दरवाजांचे हौद उभे राहिले. वरच्या अडसरांवरही कामास हात लागला. धवळेश्वरम् पासून वरच्या पात्रांत सरकारी आगबोटी पाण्याच्या मानानें येऊं-जाऊं लागल्या. ज्या अरण्यांत कोया आणि गोंड यांच्या विरळ वस्तीपलीकडे कांहीं नव्हतें, तेथें वाफेची शिटी वाजली.

परंतु तें अरण्य कोणास सहज वश होणारें नव्हतें. वस्ती थोडी, म्हणून मजूर लांबून आणावे लागत. त्यांच्यासाठीं धान्यही लांबून आणावें लागे. हिंवतापाच्या फेऱ्यांत मजूर आणि अधिकारी सारखेच सांपडत. हिंवताप डांसामुळें होतो हें ज्ञान त्या वेळीं जगांत कोणासच नव्हतें. तें रोनाल्ड रॉस यांनीं हिंदुस्थानांतच १८९७ सालीं सिद्ध केलें. बांधकामाचे दिवस थोडे, कारण पावसाळा आला कीं नदी पात्र सोडून चढे आणि काम पाण्याखालीं जाई. वर्षें लोटत गेलीं, लक्षावधि रुपये खर्च झाले, आणि कापूस भरलेल्या बोटींची रांग कांहीं दिसेना.

इकडे पश्चिमेस रूळ मात्र थांबले नव्हते. बोरघाटांतील मार्ग १८६३ सालीं आणि थळघाटांतील १८६५ सालीं पुरा झाला. नाशिक, मनमाड, चाळीसगांव, पांचोरें, जळगांव असा मार्ग काढीत लोहमार्ग खानदेशच्या काळ्या मातींतून भुसावळास आला. तेथें त्याला दोन फांटे फुटले. एक तापी ओलांडून सावदा, रावेर, बऱ्हाणपूर यांवरून उत्तरेकडे गेला आणि १८७० च्या मार्चमध्यें जबलपूर येथें कलकत्त्याच्या मार्गास मिळाला. दुसरा मलकापूर, अकोला, बडनेरा, वर्धा या वाटेनें १८६७ सालीं नागपुरास पोंचला. ज्या कापसासाठीं गोदावरीचे खडक फुटत होते, त्याच्या उशापायथ्याशीं आगगाडी येऊन उभी राहिली. १८७१ सालीं सरकारनें वरच्या गोदावरीची योजना सोडून दिली.

आगबोट हरली ती केवळ आगगाडी वेगवान म्हणून, असें समजणें बरोबर नाहीं. कापसासारख्या मालाला दोन दिवस अधिक लागले म्हणून मोठेसें बिघडत नाहीं. आणि भाड्याचा विचार केला तर पाणी स्वस्त, हें कॉटन यांचें म्हणणें आजही जगांतील मोठ्या जलमार्गांवर खरें ठरतें. खरें कारण शेतकऱ्याच्या पंचांगांत आहे. वर्धा-प्राणहितेस भरपूर पाणी असतें तें आषाढापासून आश्विनापर्यंत. त्या वेळीं कापूस शेतांत हिरवा उभा असतो. तो वेंचून, सरकी काढून, गांठी बांधून तयार होतो तो मार्गशीर्ष-पौषापासून पुढें. आणि नेमक्या त्याच महिन्यांत नदी आटत आटत खडक वर काढूं लागते. म्हणजे माल असे तेव्हां वाट नसे आणि वाट असे तेव्हां माल नसे. पुढच्या पावसाळ्यापर्यंत गांठी कोठारांत ठेवाव्या तर भांडवल अडकून पडे, उंदीर, वाळवी व आग यांची धास्ती लागे. आगगाडीला मात्र पौष आणि श्रावण सारखेच. खडकांच्या अडसरांवर इंजिनियरांनीं तोड काढली होती. ऋतूंच्या अडसरावर त्यांच्यापाशीं पुरती तोड नव्हती. वर मोठे जलाशय बांधून उन्हाळ्यांत नदी वाहती ठेवावयाची म्हटलें, तर त्याचा खर्च रुळांच्या खर्चाशीं स्पर्धा करूं लागे.

याच काळांत जगाच्या दुसऱ्या टोकास एका आगबोटीचें भाग्य उजळत होतें, तें पाहिलें म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. दक्षिण अमेरिकेंत, पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून साडेबारा हजार फूट उंचीवर टिटिकाका नांवाचें विशाल सरोवर आहे. त्याच्यासाठीं पेरूच्या सरकारनें इंग्लंडांत दोन लोखंडी आगबोटी करविल्या. त्यांचे २,७६६ सुटे भाग जहाजानें आरिका बंदरास आले, तेथून थोडें अंतर आगगाडीनें गेले आणि पुढें खेंचरांच्या पाठीवर अँडीज पर्वत चढले. १८६२ सालीं किनाऱ्यावर उतरलेल्या बोटीचे तुकडे जोडून ‘यावारी’ ही आगबोट सरोवरांत सोडली ती १८७० च्या नाताळांत. दगडी कोळसा नाहीं म्हणून तिच्या भट्टींत लामा या जनावराच्या वाळलेल्या लेंड्या जाळीत. इतका खटाटोप करूनही ती बोट टिकली. पुढें तिच्यांत तेलाचें एंजिन बसलें आणि तिचें शरीर पुनो येथें आजवर जतन करून ठेवलेलें आहे. सरोवराचें पाणी बाराही महिने तेथेंच असतें, हें एक कारण. आणि दुसरें असें कीं, १८७० नंतरच्या दशकांत समुद्राकडून पुनोपर्यंत रूळ आले तेव्हां जेथें आगगाडी संपे तेथून पुढें आगबोट माल उचलूं लागली. तिकडे दोघी सख्या झाल्या. इकडे गोदावरीवर त्या सवती ठरल्या. कोंकणांतही हाच नियम दिसतो. कोंकण रेल्वे पूर्ण झाली ती १९९८ सालीं. तोंवर त्या किनाऱ्यास रूळ नव्हते, म्हणूनच तेथें आगबोटीनें पिढ्यान् पिढ्या लोकांची ने-आण केली.

गोदावरीच्या योजनेचा निकाल लागल्यावर दोन मुलुखांच्या वाटा वेगळ्या झाल्या. खानदेशांत भुसावळ हें रेल्वेचें मोठें ठाणें झालें, जळगांवास सरकी काढण्याचे व गांठी दाबण्याचे कारखाने आणि कापडाची गिरणी निघाली, आणि पुढें तापीकांठच्या विहिरींवर पिकलेलीं केळीं सावदा-रावेरच्या स्थानकांवरून वाघिणी भरभरून उत्तर हिंदुस्थानांत जाऊं लागलीं. परंतु रुळांनीं नुसतें दिलें असें नाहीं. ज्या गाड्यांनीं कापूस बाहेर नेला त्यांनींच गिरणीचें स्वस्त कापड आंत आणलें. १८६९ च्या सुमारास मंजिष्ठेचा तांबडा रंग आणि १८९७ सालीं नीळ रसायनशाळेंतून कृत्रिम रीतीनें बाजारांत येऊं लागली. तीही याच वाटेनें खेड्यांत शिरली. गांवोगांवच्या हातरंगाईस उतरती कळा लागली. जी वाट मालाला बाजार दाखविते ती बाजारालाही घर दाखविते.

सिरोंच्याचें नशीब याहून निराळें. ज्या ठाण्यावरून एका महामार्गाचा कारभार चालावयाचा होता, तें अरण्यांतलें दूरचें गांव होऊन बसलें. १८७४ सालीं त्या जिल्ह्याचे भद्राचलम् व रेकापल्ली हे तालुके मद्रास इलाख्यास जोडले गेले आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यांत आला. आज तो गडचिरोली जिल्ह्यांतील तालुका आहे आणि तेथें अद्यापि आगगाडी पोंचलेली नाहीं. दुम्मागुडेमचा बंधारा मात्र उभा आहे. खालीं धवळेश्वरमच्या प्रदेशांत कॉटन यांचें नांव शेतकरी अजून देवाच्या बरोबरीनें घेतात. एकाच माणसाचा विचार एकाच नदीवर दीडदोनशें मैलांच्या अंतरानें एके ठिकाणीं वरदान ठरला आणि दुसऱ्या ठिकाणीं ओसाड बांधकाम मागें ठेवून गेला.

हा इतिहास शिळा झालेला नाहीं. २०१६ च्या कायद्यानें देशांतील १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून जाहीर झाले. त्या यादींत वैनगंगा-प्राणहिता आहे, आणि आपली तापीही आहे. प्राणहितेच्या संगमाखालीं मेडीगड्डा येथें तेलंगण राज्यानें बांधलेल्या मोठ्या बंधाऱ्याचें उद्घाटन २०१९ सालीं झालें, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत त्याचे कांहीं खांब खचले. त्याच्या फुगवट्याच्या पाण्याची झळ सिरोंच्याकडील शेतकऱ्यांस लागली आहे. नदीस तळ्यांची माळ करण्याची हौस माणसानें सोडलेली नाहीं, आणि ती सोडावी असेंही नाहीं. कॉटन यांचें धवळेश्वरम् त्याच हौशीचें फळ आहे.

मात्र नदीचा अंदाज तिच्या भरल्या पात्रावरून घेऊं नये. पावसाळ्यांत तापीच्या कांठीं उभा राहणारा परका माणूस तिच्यावर आगबोटींचे तांडे कल्पील; चैत्रांत तिच्या खडकांवर धुणीं वाळत घालणाऱ्या बाईस तिचें खरें माप ठाऊक असतें. वरच्या गोदावरीवर जो पैसा, जे कष्ट आणि जे जीव खर्ची पडले, ते नदीच्या चार महिन्यांच्या वैभवावर विश्वास टाकून तिच्या आठ महिन्यांच्या दारिद्र्याचा हिशेब कमी धरल्यामुळें. पुढें कोणी प्राणहितेंत किंवा तापींत बोट घालूं म्हणेल, तर त्यानें आधीं चैत्र-वैशाखांत कांठाकांठानें पायीं चालून जावें आणि मगच अंदाजपत्रक करावें.